चांदीचा भाव

मराठींत 'भाव' हा शब्द मोठा सोयीचा आहे. सराफकट्ट्यावर त्याचा अर्थ दर, देव्हाऱ्यापाशीं त्याचा अर्थ श्रद्धा, आणि साहित्यशास्त्रांत त्याचा अर्थ रसाचें मूळ. इतर वस्तूंच्या बाबतींत हे तीन अर्थ आपापल्या जागीं राहतात. चांदीच्या भांड्यांत मात्र ते एकमेकांच्या आड येतात. आजेसासूच्या वेळची पळी-पंचपात्री ही एकाच वेळीं इतके तोळे धातु असते, कोणा अज्ञात सोनाराच्या हातोडीचें काम असते, आणि घरांतील चार पिढ्यांच्या सकाळींची आठवणहि असते. यांपैकीं कोणता भाव खरा, हा प्रश्न वाटणीच्या दिवशीं बहुतेक घरांत उठतो व बहुधा ताजव्याच्या बाजूनें सुटतो.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहतां दूरचा वाटेल. इंग्लंडांत व युरोपांत जुनीं चांदीचीं भांडीं, चिनी मातीचीं पात्रें, जुनें लांकूडसामान असल्या शोभेच्या वस्तू लिलावांत विकत घेऊन त्यांचा संग्रह करण्याची एक जुनी परंपरा आहे. या परंपरेंतील रसिकता कितपत खरी, तिचें बळ कशांत व तिचें वैगुण्य कशांत, याची परीक्षा करण्याचा येथें विचार आहे. संग्रह हीहि एक प्रकारची रचना होय. कवि शब्द घडवीत नाहीं. असलेल्या शब्दांतून निवडतो व त्यांना जागा देतो. संग्राहकहि दुसऱ्यांनीं घडविलेल्या वस्तूंतून निवडतो व त्यांना जागा देतो. तुलना फार ताणण्याचें कारण नाहीं. परंतु निवड व मांडणी आहे तेथें अभिरुचि आहे, आणि अभिरुचि आहे तेथें टीकाकारास बोलण्याचा अधिकार पोंचतो.

प्रथम चांदीचीच गोष्ट घेऊं, कारण तिच्या ठिकाणीं हा प्रश्न अगदीं उघडा पडतो. चिनी मातीला फुटण्याचें भय असतें, लांकडाला वाळवीचें. चांदीला भय असतें तें तिच्या स्वतःच्या मोलाचें. फुटक्या बरणीच्या तुकड्यांना गिऱ्हाईक नसतें, म्हणून बरणी जपली जाते. चांदीच्या तुकड्यांना मात्र कोणत्याहि देशांत व कोणत्याहि काळीं गिऱ्हाईक असतें. त्यामुळें जुन्या चांदीचा इतिहास हा पुष्कळ अंशीं मुशीचा इतिहास झाला आहे. इ. स. १६४२ मध्यें सुरू झालेल्या इंग्लंडांतील यादवी युद्धांत ऑक्सफर्डच्या विद्यालयांनीं आपलीं पिढीजाद भांडीं पहिल्या चार्ल्स राजाच्या टांकसाळीस दिलीं. त्यांचीं नाणीं पाडून शिपायांचे पगार भागविण्यांत आले. १६८९ सालीं चौदाव्या लुईनें व्हर्सायच्या राजवाड्यांतील रुप्याचीं मेजें, शमादानें व झाडांच्या कुंड्या युद्धखर्चासाठीं वितळविल्या. जें सामान पाहण्यास युरोपचे राजदूत येत, त्याच्या घडणावळीस टांकसाळीच्या काट्यावर शून्य किंमत आली. ही केवळ जुन्या राजांची गोष्ट नव्हे. १९८० च्या जानेवारींत अमेरिकेंतील हंट बंधूंच्या खरेदीमुळें चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरांच्या आसपास गेला, तेव्हां तिकडच्या जुन्या घराण्यांतील असंख्य चमचे, तबकें व चहादाण्या मुशींत गेल्या. २०२५ सालीं आपल्याकडे चांदी किलोला लाखाच्या वर चढली, तेव्हां हाच मोह आपल्याहि फडताळापुढें येऊन उभा राहिला.

आपल्या भाषेंत तर या व्यवहाराला स्वतंत्र नांवच आहे: मोड. जुनें मोडींत घालावयाचें, घट सोसावयाची, घडणावळ बुडीत धरावयाची व नवें घेऊन घरीं यावयाचें. या रीतीला कोणी अडाणीपणा म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. ज्या समाजांत बायकोच्या अंगावरचें व देवघरांतलें सोनेंचांदी हीच दुष्काळाची, आजाराची व मुलीच्या लग्नाची तरतूद होती, त्या समाजानें भांडें घेतांना तें मोडतां येईल कीं नाहीं, हेंहि पाहिलें तर त्यांत नवल काय? भांडें हें घरचें धन होतें, आणि धनाचा धर्मच हा कीं प्रसंगीं तें रूप पालटतें. तथापि या शहाणपणाची किंमत कोणीं दिली, हें विचारणें प्राप्त आहे. ती किंमत कारागिरानें दिली. त्याच्या हातचें काम उरलें नाहीं, आणि त्याचें नांव तर आधींपासूनच कोठें नोंदलेलें नव्हतें.

लिलावांत जुनी चांदी घेणाऱ्या संग्राहकाचा पहिला गुण येथेंच दिसतो. तो धातूच्या दरापेक्षां चार पैसे जास्त देतो, आणि त्या चार पैशांनीं भांडें वांचतें. त्याच्या मनांत हौस असो, मिरवण्याची इच्छा असो, वा पुढें चढ्या भावानें विकण्याचा हिशेब असो. मूस आणि कारागिरी यांच्यामध्यें तो उभा राहतो, हें त्याचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. घडणावळ ही बुडीत रक्कम नव्हे, तीच खरी रक्कम, असें म्हणणारा बाजारांतला तो एकटाच मनुष्य आहे.

परंतु वांचविणें म्हणजे समजणें नव्हे. इंग्रजी चांदीच्या अभ्यासकास एक मोठी सोय आहे. १३०० सालच्या कायद्यानें तेथें चांदीचा कस ठरवून दिला व त्या कसाच्या भांड्यावर चित्त्याच्या मुखाची खूण मारण्याचें बंधन घातलें. हजारांत ९२५ भाग शुद्ध चांदी, असा हा 'स्टर्लिंग' कस. १४७८ पासून लंडनमध्यें प्रत्येक वर्षासाठीं एक अक्षर ठरूं लागलें. १५४४ पासून चालत्या सिंहाची खूण आली. शिवाय घडविणाराची स्वतःची खूण असेच. हे छाप लंडनच्या सोनारांच्या पंचायतीच्या वाड्यांत, म्हणजे गोल्डस्मिथ्स हॉलमध्यें, मारले जात. त्यावरूनच 'हॉलमार्क' हा शब्द आला, जो आज आमच्या सराफांच्या पाट्यांवरहि झळकतो. त्यामुळें तीनशें वर्षांपूर्वींचा साधा चमचा हातांत घेऊन भिंगांतून पाहिलें, तर तो कोणत्या शहरांत, कोणत्या सालीं व पुष्कळदां कोणाच्या दुकानांत झाला, हें सांगतां येतें. आपल्या ऐतिहासिक कागदांना मित्या असाव्या तशा त्या भांड्यांना मित्या आहेत.

ही सोयच संग्राहकाला कशी भुलविते, तें पाहण्यासारखें आहे. १७२० मध्यें इंग्लंडांत चांदीच्या भांड्यांवर औंसामागें सहा पेन्स कर बसला. तो चुकविण्यासाठीं कित्येक सोनार एखादी लहानशी बशी छापून आणीत, तिच्यांतील छापाचा तुकडा कापून घेत व मोठ्या जड भांड्याच्या बुडाशीं बेमालूम डागीत. पॉल द लामेरी (१६८८–१७५१) हा त्या शतकांतील लंडनचा सर्वांत नांवाजलेला कारागीर. त्याचेंहि नांव या करचुकवेपणांत घेतलें जातें. पुढें नकली माल करणाऱ्यांनीं हीच युक्ति उचलली. म्हणजे छाप खरा, चांदी खरी, आणि तरीहि भांडें खोटें, असा प्रकार घडूं शकतो. ज्यानें केवळ छाप वाचावयास शिकून घेतलें व भांडें पाहावयास शिकून घेतलें नाहीं, तो येथें हटकून फसतो. पोथीचें पहिलें व शेवटचें पान वाचून तिच्यावर मत देणाऱ्या पंडितासारखी त्याची गत होते.

भांडें पाहावयाचें म्हणजे काय? अठराव्या शतकाच्या आरंभींचें साधें इंग्रजी कॉफीचें भांडें घ्या. त्यावर वेल नाहीं, फूल नाहीं. उतरत्या बाजू, घुमटासारखें झांकण, योग्य ठिकाणीं बसविलेली तोटी. एवढ्यावर त्यानें उभें राहावयाचें असतें. कारागिरानें कोठेंहि प्रमाण चुकविलें, तर तें लपविण्यास जागा नाहीं. १६८५ मध्यें फ्रान्सच्या राजानें प्रॉटेस्टंटांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतलें, तेव्हां ह्यूगनॉट सोनारांचीं कुटुंबें लंडनला आलीं. त्यांनीं जाड पत्रा, ओतीव नक्षी व भारदस्त बांधा आणला. लामेरी हा त्यांच्यापैकींच एका कुटुंबांतला. १७३० नंतरच्या त्याच्या कामांत शिंपले, लाटा, पानें व बालकांचीं मुखें यांची अशी गर्दी असते कीं पत्रा कोठें संपला व नक्षी कोठें सुरू झाली हें सांगतां येऊं नये. हीं दोन्हीं कामें आपापल्या परीनें उत्तम आहेत. एकांत संयम आहे, दुसऱ्यांत भर आहे. जसा अभंगांत एक गुण व पंडित कवींच्या आख्यानांत दुसरा.

बिघाड झाला तो पुढच्या शतकांत. एकोणिसाव्या शतकांतील सुखवस्तु इंग्रज गृहस्थाला आजोबांचें साधें भांडें ओकेंबोकें वाटूं लागलें. त्यानें तें सोनाराकडे नेऊन त्यावर उठावाचीं फुलें व वेलबुट्टी ठोकून घेतली. आज लिलावाच्या यादींत अशा भांड्यापुढें 'नक्षी मागाहूनची' असा शेरा असतो आणि त्याची किंमत घसरते. आमच्या मतें येथें बाजाराचा निवाडा व रसिकाचा निवाडा क्वचितच जुळतात तसे जुळले आहेत. ज्ञानेश्वरींत शिरलेल्या अपपाठांवर एकनाथांनीं शके १५०६ मध्यें जो उपाय केला, त्यामागील बुद्धि हीच: मूळ रचनेचा तोल ज्याला कळतो, त्याला भर घातलेली ओंवी कानाला लागतेच. पोथी शुद्ध करतां येते. ठोकलेल्या चांदीवरचीं फुलें मात्र पुसतां येत नाहींत.

आपल्याकडील चांदीला अशा मित्या नाहींत. कच्छमधील भुजचा ऊमरसी मावजी हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील प्रख्यात कारागीर आपल्या कामावर नांवाचीं आद्याक्षरें व गांव उमटवीत असे. आज लंडनच्या लिलावांत त्याच्या भांड्यांसाठीं चुरस लागते. परंतु तो अपवाद. बहुतेकांचीं नांवें गेलीं आणि राहिलीं तीं केवळ गांवें: कच्छचें काम, मद्रासचें काम, पुण्याचें काम. पुण्याच्या कामावर देवादिकांच्या मूर्ति उठावानें काढलेल्या असत, आणि भांडें पाहावें तों विलायती चहादाणी किंवा दुधाचें भांडें! साहेबाच्या मेजासाठीं केलेल्या घाटावर आमच्या सोनारानें आपलें देवघर उतरविलें. या मिश्रणांतील सर्वच कामें चांगलीं नाहींत. कित्येकदां पत्र्यावर बोटभर जागा मोकळी सोडण्याचें धैर्य कारागिराला झालेलें नसतें. परंतु जेथें मूठ नागाच्या वळणानें सहज हाताशीं येते व वेलांतील हरणें पळतांना दिसतात, तेथें परका घाट आपलासा झालेला दिसतो. हें काम कोणाचें, हें कधींच कळणार नाहीं, ही हळहळ मात्र राहतेच.

आतां लिलावाकडे वळूं. लिलावाची यादी हा एक वाङ्मयप्रकार आहे व त्याचीहि टीका झाली पाहिजे. १८४२ सालीं होरेस वॉलपोल याच्या स्ट्रॉबेरी हिल येथील वाड्यांतील संग्रहाचा लिलाव चोवीस दिवस चालला. तो पुकारणारा जॉर्ज रॉबिन्स हा अतिशयोक्तीसाठीं प्रसिद्ध होता. आपल्या जाहिरातींत तो मोडक्या छपराचेंहि वर्णन कादंबरीकार बाणाला शोभेल अशा थाटानें करी. त्या यादीची त्याच वेळीं इतकी थट्टा झाली कीं तिच्यावर विडंबनें निघालीं. आजच्या मोठ्या पेढ्यांच्या याद्या याच्या अगदीं उलट वळणाच्या असतात. वजन, उंची, छाप, ठिकठिकाणचे पोचे, मागील मालकांची वंशावळ आणि शेवटीं अंदाजी किंमत. विशेषणाला तेथें जवळजवळ मज्जाव. परंतु ही कोरडी शैलीहि निर्हेतुक नसते. मालकांची वंशावळ वाचतां वाचतां गिऱ्हाइकाला आपणहि त्या मालिकेंत शेवटचें नांव व्हावें असें वाटूं लागतें. रॉबिन्स वस्तूची स्तुति करीत असे. आजची यादी, कांहीं न बोलतां, घेणाऱ्याची स्तुति करते.

दिवाणखान्यांतील एकंदर व्यवस्थाच बोली वाढविण्याची असते. मालकानें ठरविलेली राखीव किंमत गुप्त असते. विकत घेणाऱ्यावरहि दलाली बसते, जी लंडनच्या दोन थोर पेढ्यांनीं १९७५ मध्यें सुरू केली. पूर्वीं दुकानदार आपसांत संगनमत करून एकमेकांविरुद्ध बोलत नसत, माल स्वस्तांत पाडीत आणि मग खासगी बैठकींत त्याचा पुन्हां लिलाव करीत. त्याला आळा घालण्यासाठीं १९२७ मध्यें इंग्लंडांत खास कायदा करावा लागला. 'एक वार, दोन वार, तीन वार' या तीन हांकांच्या अवधींत मनुष्याला आपली अभिरुचि आणि आपली ईर्षा यांत निवड करावयाची असते, आणि पुष्कळांची ती चुकते.

तरीहि लिलावाला केवळ जुगार म्हणून सोडतां येत नाहीं. १९७७ मध्यें मेंटमोर या रॉथशील्ड घराण्याच्या वाड्यांतील सामानाचा लिलाव झाला. त्याआधीं वाडा व सामान मृत्युकराच्या बदल्यांत सुमारें वीस लाख पौंडांस सरकारास मिळत होतें; सरकारनें नाकारलें, आणि नुसत्या सामानाचे साठ लाखांहून अधिक पौंड झाले. त्याच लिलावांत कार्ल व्हान लू याचें म्हणून नोंदलेलें एक चित्र एका जाणत्यानें ८,००० पौंडांस घेतलें. तें फ्रागोनारचें निघालें व आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत आहे. शेंकडों डोळ्यांपुढें तें टांगलेलें होतें, यादी सर्वांच्या हातांत होती, पाहिलें एकानें. लिलाव असा कधीं कधीं रसिकतेची परीक्षाहि घेतो, आणि त्या परीक्षेंत छापील उत्तर उपयोगी पडत नाहीं.

संग्राहकाच्या मनाचा ठाव घ्यावयाचा तर दोन कादंबऱ्यांकडे वळावें लागतें: बाल्झाकची 'कझिन पॉन्स' (१८४७) व हेन्री जेम्सची 'द स्पॉइल्स ऑफ पॉइन्टन' (१८९७). पॉन्स हा गरीब वादक. कोणत्याहि वस्तूस शंभर फ्रँकांहून अधिक द्यावयाचें नाहीं, असा नेम करून त्यानें केवळ डोळ्याच्या व पायाच्या बळावर अमोल संग्रह जमविला आहे. त्याच्या श्रीमंत नातेवाइकांना तो जेवणावर टपलेला भिकारी वाटतो. तो अंथरुणाला खिळतो आणि संग्रहाची बाजारांतील किंमत बाहेर फुटते, तेव्हां घरवालीपासून वकिलापर्यंत सारे त्याच्या उशाशीं गिधाडांसारखे जमतात. बाल्झाकला स्वतःला या वस्तूंचें वेड होतें, म्हणून त्याच्या वर्णनांत हात फिरविल्याचा स्पर्श आहे. पॉन्सचें प्रेम हें निष्पाप प्रेम आहे; परंतु दुबळें आहे. त्यानें वस्तू जाणल्या, माणसें जाणलीं नाहींत.

जेम्सची मिसेस गेरेथ याच्या उलट. पतीसह जन्मभर वेंचून आणलेल्या वस्तूंनीं तिनें पॉइन्टनचें घर सजविलें आहे. पतीमागें तें कायद्यानें मुलाकडे जातें, आणि मुलाची वाग्दत्त वधू अशी कीं तिला यांतील कांहींच कळत नाहीं. मग आई उत्तम वस्तू उचलून आपल्या घरीं नेते, परत पाठविते, पुन्हां डाव मांडते. आणि या डावांत फ्लेडा नांवाच्या एका सरळ मनाच्या मुलीचें सुख पणाला लागतें. शेवटीं पॉइन्टनला आग लागते व सारें भस्म होतें. मिसेस गेरेथच्या अभिरुचींत खोट नाहीं. खोट आहे ती अभिरुचीला हक्क समजण्यांत. 'मला कळतें म्हणून तें माझें', हा संग्राहकाचा अगदीं आवडता सिद्धांत, आणि जेम्सनें त्याचा धूर करून दाखविला आहे. या कादंबरीचें एक न्यून मात्र सांगितलें पाहिजे. त्या वस्तू ज्या हातांनीं घडल्या ते हात तींत कोठेंच दिसत नाहींत. मालकी कोणाची, एवढाच वाद. कर्तृत्व कोणाचें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. पाहूं गेल्यास लिलावांतहि बहुधा हेंच घडतें.

पॉइन्टनची आग कल्पित आहे. आमच्या इतिहासांत एका खऱ्या आगीची धमकी नोंदलेली आहे. नागपूरकर तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. मग राजघराण्याच्या जंगम मालमत्तेचा लिलाव झाला. हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीवर कवडीमोलानें गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारीं रवाना झालें. वाड्यांतील सामान हलवूं लागले, तेव्हां ऐंशीच्या घरांतील बांकाबाईंनीं निरोप पाठविला कीं सामानाला हात लावाल तर वाड्याला आग लावीन. सत्तावनच्या बंडाचा इतिहासकार जॉन के यानें हा प्रसंग खेदानें नमूद केला आहे. सामान गेलेंच. बांकाबाईंना त्या सामानाच्या कलागुणांची चिकित्सा करतां आली असती कीं नाहीं, हा प्रश्न येथें गैरलागू आहे. ज्या तबकांतून विडे दिले गेले व ज्या अत्तरदाणीनें पाहुण्यांचा सत्कार झाला, तीं परक्याच्या हातोड्याखालीं जाणें हा त्यांच्या दृष्टीनें वस्तूंचा नव्हे, घराचा लिलाव होता.

हा प्रसंग डोळ्यांपुढें ठेवल्यावांचून लिलावांतील रसिकतेची परीक्षा पुरी होत नाहीं. दिवाणखान्यांत आलेल्या प्रत्येक वस्तूमागें कोणाचें तरी मोडलेलें घर असतें: मृत्यु, कर्ज, वाटणी किंवा जप्ती. यादींतील ती सुंदर वंशावळ म्हणजे पुष्कळदां अशा मोडलेल्या घरांचीच माळ. संग्राहकानें यासाठीं अपराधी वाटून घ्यावें असें नाहीं. घर त्यानें मोडलेलें नसतें. परंतु आपण काय विकत घेतलें, हें त्यानें जाणावें. त्याला धातु मिळतो, कारागिरी मिळते. तिसरा भाव विक्रीस नसतोच.

मग विखुरलेलें पुन्हां जुळतें काय? थोडें जुळतें. विल्मार्थ ल्यूइस या अमेरिकन गृहस्थानें वॉलपोलचीं पुस्तकें, कागद व वस्तू शोधण्यांत आयुष्य घालविलें व तो संग्रह येल विद्यापीठास ठेवला. १८४२ च्या ज्या यादीची लोकांनीं थट्टा केली, तीच असल्या शोधांत वाटाड्या झाली. २०१८ मध्यें स्ट्रॉबेरी हिल येथें मूळ संग्रहांतील सुमारें दीडशें वस्तू कांहीं महिन्यांपुरत्या माहेरीं आल्या. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलांत लंडनच्या लिलावांत पहिले रघूजी भोसले यांची तलवार आली. महाराष्ट्र शासनानें मध्यस्थाकरवीं ती सुमारें सत्तेचाळीस लाख रुपयांस घेतली व ऑगस्टांत ती मुंबईस पोंचली. पातें युरोपांतलें, आणि त्यावर देवनागरींत सोन्यानें सेनासाहेब सुभा रघूजींचें नांव. त्या नांवामुळेंच ती ओळखतां आली. ज्या शेंकडों वस्तूंवर नांव नव्हतें, त्या आज कोठें आहेत कोण जाणे.

संग्राहक असावा कसा, याचीं उदाहरणें आपल्याजवळ आहेत. सर रतन टाटा यांनीं देशोदेशींच्या चिनी, जपानी व युरोपीय वस्तू जमविल्या. त्या आज मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत कोणासहि पाहतां येतात. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजेच कवि 'अज्ञातवासी', यांची वाट निराळी. लिलावाच्या दिवाणखान्याऐवजीं ते खेड्यापाड्यांतील वाड्यांतून व जुन्या बाजारांतून हिंडले. आणि त्यांनीं जमविलें काय, तर दिवे, अडकित्ते, फण्या, करंडे, कुलुपें! ज्यांची यादी कोणत्याहि पेढीनें छापली नसती, अशा घरगुती वस्तूंतील कारागिरी त्यांनीं ओळखली, आणि वीस हजारांवर नग अकालीं गेलेल्या मुलाच्या नांवें समाजाच्या स्वाधीन केले. दोघांच्या ऐपतींत जमीनअस्मानाचें अंतर, पण एका गोष्टींत दोघे सारखे: 'मला कळतें म्हणून तें माझें' येथें ते थांबले नाहींत. मला कळलें, तें चारचौघांस कळावें, इतकी मजल त्यांनीं मारली. संग्रहाची आमची कसोटी ती हीच.

राहतां राहिला प्रश्न आपल्या घरांचा, आणि तोच आम्हांस लंडनच्या दिवाणखान्यांपेक्षां महत्त्वाचा वाटतो. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षांवरील वस्तूंस देशाबाहेर जाऊं देत नाहीं. कायदा बंदरावर पहारा ठेवतो. सोनाराच्या भट्टीपाशीं पहारा ठेवणें त्याला शक्य नाहीं. तेथें पहारा ठेवावयाचा तो घरच्या माणसांनीं. प्रत्येक भांडें ठेवाच, असें आम्ही म्हणत नाहीं. अडचणीच्या वेळीं चांदी मोडणें हा कुटुंबाचा हक्क आहे, आणि ज्यांनीं ती घेतली त्यांचीहि तीच इच्छा होती. परंतु मोडण्यापूर्वीं एकदां तें भांडें उजेडांत नीट पाहावें. घाट कसा आहे, नक्षी ठोकलेली कीं ओतलेली, बुडाशीं कांहीं अक्षर आहे काय, हें पाहावें. घरांतील वृद्ध माणसास विचारावें कीं हें कोणाच्या लग्नांतलें, कोणत्या गांवच्या सोनारानें घडविलें. छायाचित्र काढावें आणि दोन ओळी वहींत लिहून ठेवाव्या. इंग्लंडांत जें काम राजाच्या कायद्यानें सातशें वर्षें केलें, तें आपल्याकडे निदान घरोघरच्या वह्यांनीं करावें. मग ज्याला मोडावयाचें त्यानें मोडावें; आपण काय मोडलें, एवढें तरी त्याला ठाऊक असेल. आणि असें पाहिल्यावर, लिहिल्यावर, दहांतील एक भांडें तरी ताजव्यावरून उतरून पुन्हां फडताळांत जाईल, असा आमचा विश्वास आहे.